मागितले असते तर चार दिवस

शारजा, इंडस्ट्रियल एरिया
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुरैय्याभाभी,

सलाम. पत्र बघून घाबरू नको, सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण तुझा नंबर तू रिकामा ठेवतेस हे मला माहीत आहे. मोईनभाईचा फोन यायचा आणि नेमकी मी लाइन अडवून बसायचो, असं नको. इनायाच्या मोबाइलवर करावं तर ती दोन वाक्यांत इंग्लिशवर येते आणि मी नववी नापास. म्हणून पत्र. याकूबचाचा शुक्रवारी गावी निघालेत, त्यांच्या हाती देतो.

मी सध्या डेंटिंगच्या गॅरेजमध्ये आहे. फुजैराचं काम सोडलं, का ते विचारू नको, मलाही नीट सांगता येणार नाही. परवा एक निसान पॅट्रोल आली, मोठी जीप, बॉनेट उघडलं तर आत मांजर, तीन पिल्लांसकट. मालक अरबी म्हातारा, म्हणाला, यल्ला, गाडी इथेच राहू दे, पिल्लं मोठी होईपर्यंत मी टॅक्सीने फिरतो. खरंच गेला टॅक्सीने. माणूस असावा तर असा.

हां, लिहायला बसलो ते वेगळंच होतं. इंटरनेटवरच्या तुझ्या नावाच्या पानाबद्दल एक ईमेल आली आहे, चार तारखेला. अत्तरं विकणारी कोणती तरी मोठी कंपनी आहे, तिचं नावही सुरैय्या, स्पेलिंगसुद्धा तेच. त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात तक्रार केली आहे की हे नाव आमचं आहे, आम्हाला द्या. आपण वीस दिवसांत उत्तर द्यायचं, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत. कोर्ट नाही, पोलीस नाही, सगळं ईमेलवर.

तू काळजी करू नको. उत्तर सोपं आहे. सुरैय्या ही माझी भाभी आहे, इनाया तुझ्या कुशीत चाळीस दिवसांची होती तेव्हा माझ्या भावाने, मोईनभाईने, दुबईत करामाच्या नेट कॅफेत बसून बायकोच्या नावाचं हे पान घेतलं, चाळीस दिरहमला, म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये. आठवतं, त्याने फोनवर सांगितलं होतं, "सोन्याची चेन दोघींकडे सारखी असू शकते, हे नाव जगात एकाकडेच असतं." आणि तू म्हणालीस, "मग चेनच पाठवायची होती."

एवढंच लिहायचं. एक पान. पंधरा दिवस आहेत हातात, आणि नंतर ग्रेसचे दिवस असतीलच.

तुझा
अबुजर


फुजैरा
२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भाभी,

आधीचं पत्र अजून माझ्या बॅगेत आहे. याकूबचाचांची फ्लाइट संध्याकाळची समजलो होतो, ती दुपारची निघाली. आता दोन्ही एकदम पाठवतो.

मी परत फुजैराला आलो. गॅरेजमध्ये पिल्लांचे डोळे उघडले, म्हातारा गाडी घेऊन गेला आणि माझं मन उडालं. इथे मोईनभाईच्याच जुन्या धंद्यात आहे, नांगरून उभ्या असलेल्या जहाजांना पाणी आणि भाजी पोचवायची बोट. त्याच्या वेळचा एक खलाशी अजून आहे. तो म्हणतो, "तेरा भाई टमाटर का क्रेट ऐसे पकड़ता था जैसे बच्चा हो." मी पकडतो तर दोन क्रेट समुद्रात.

खोल पाण्यात नेटवर्क नसतं. दोन दिवस बोटीवर, एक दिवस किनाऱ्यावर. काल किनाऱ्यावर होतो. ते उत्तर लिहून घ्यायला टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तुला सांगितलं होतं ना, इथे कुठलाही अर्ज माणूस स्वतः लिहीत नाही. व्हिसा असो, भाडेपट्टा असो, गल्लीतल्या टायपिंग सेंटरमध्ये जायचं, आपण बोलायचं, तो टाइप करतो. काल बसला होता तो केरळचा. चष्मा वर करून म्हणाला, "ये तो लेडीज़ नाम है. आपका नाम अबुजर. आपके पास कैसे आया, वो पहले लिखना पड़ेगा. पेपर है?"

मी म्हटलं, पेपर रूमवर आहे, घेऊन येतो. बाहेर आलो, कडक चहा घेतला. चहावाल्याकडे पोपट होता, तो नुसतं "खलास, खलास" म्हणत होता. त्याला ऐकत बसलो. मग बोटीची वेळ झाली.

चोवीसला तीन दिवस आहेत. मी परवा येईन तेव्हा बघू. आणि चोवीस उलटली तरी काय. इथे सहा वर्षं राहून मला एक कळलंय, तारीख म्हणजे बोलणी सुरू होण्याची जागा. व्हिसा कॅन्सल झाला की महिनाभर ग्रेस, त्यानंतरही दिवसाचा दंड भरला की काउंटरवरची बाई स्टॅम्प मारते. गाडीचं रजिस्ट्रेशन संपलं, महिना ग्रेस. हे नाव दर वर्षी रिन्यू करायचं असतं, त्यालाही महिनाभर ग्रेस असते, मी दर वर्षी पैसे त्या ग्रेसमध्येच भरलेत. कोणी आपल्याला हाकलून दिलं नाही.

इनायाला सांग, टोमॅटो समुद्रात तरंगतो. पोहतो म्हण हवं तर.

अबुजर


करामा, दुबई
३ मार्च, सोमवार, तिसरा रोजा

भाभी,

आज मजा लिहिणार नाही.

तन्मय म्हणून पुण्याचा एक जण आहे, करामात बायकोबरोबर राहतो, वकिलाच्या ऑफिसात कागद बघण्याचं काम करतो. त्याच्या गाडीचा पोचा मी काढून दिला होता, तेव्हापासून ओळख. तो रोजा धरत नाही, पण त्याची बायको ईश्वरी मला म्हणाली, इफ्तारला ये, भजी करते. गेलो. खजूर तोंडात घालता घालता सहज विचारलं, "ईमेलवर तारीख असते त्याच्यावर ग्रेस किती?"

"कुठली ईमेल?"

दाखवली. त्याने वाचली. खाली दुसरी होती, पंचवीस फेब्रुवारीची, ती मी उघडलीच नव्हती. ती वाचून त्याने भज्यांची प्लेट बाजूला केली.

"तुझी मुदत संपली रे. ही डिफॉल्टची नोटीस आहे. तू उत्तर दिलं नाहीस असं त्यांनी लिहून घेतलंय."

"ग्रेस?"

"होती की. चार दिवस. पण ती मुदतीच्या आत मागायची असते."

"आणि कारण काय द्यायचं?"

"कारण लागतच नाही त्या चार दिवसांना. एक ओळ पाठवायची, मला आणखी चार दिवस हवेत, म्हणून. मागितले की मिळतात. ईमेलमध्ये लिहिलंय, हे बघ."

लिहिलेलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात. मी तेवढं खाली गेलोच नव्हतो. ग्रेस आपोआप येते एवढंच मला माहीत. ती आधी मागावी लागते, हे मला कोणी सांगितलं नाही, भाभी, आणि जिथे लिहिलं होतं तिथे मी पोचलो नाही.

मी म्हटलं, मी समुद्रात होतो, नेटवर्क नव्हतं. तो म्हणाला, "ईमेल चार तारखेची आहे. तेव्हा तू समुद्रात होतास?" मी दुसरा खजूर उचलला. ईश्वरी म्हणाली, "तन्मय, खाऊ दे त्याला."

मग तोच हळू आवाजात म्हणाला, "तसं बघितलं तर बरोबर नाहीच. त्या कंपनीने तक्रार लिहायला सहा महिने घेतले असतील, दोन वर्षं घेतली असतील, त्यांना कोणी विचारत नाही. वकील त्यांचे, तारीख सुरू करायची तीही त्यांच्या सोयीने. आणि समोरचा माणूस बोटीवर टोमॅटो उचलतोय. त्याला वीस दिवस." शेवटी म्हणाला, "पण वीस दिवस होते, अबुजर. शून्य नव्हते."

कागदाची नोटीससुद्धा कुरियरने गेली होती म्हणे, मी दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता शारजातल्या रोल्याच्या खोलीचा. ती खोली सोडून मला तीन वर्षं झाली.

काल रात्रीच तन्मयने माझ्या नावाने एक ईमेल टाइप करून पाठवली, उशिराचं उत्तर घ्या म्हणून. घेतलं तर घेतील, तो म्हणाला, सक्ती नाही. त्याने मलाही तेच विचारलं, टायपिंगवाल्याने विचारलं होतं ते. नाव तुझ्याकडे कसं आलं. मी म्हटलं, भावाने दिलं. त्याने तसं लिहिलं. पुरावा जोडायच्या जागी काही जोडलं नाही.

पान अजून चालू आहे. मी आज चार वेळा उघडलं. वर तुझं नाव, खाली तुझा नंबर आणि मधे तू सांगितलेली ओळ. कुठूनही फोन कर. कुणी काही विचारणार नाही.

अबुजर


करामा
२२ मार्च, शनिवार

भाभी,

निकाल आला. नाव त्या कंपनीला द्यायचं ठरलं.

तन्मयने सात पानं वाचून दाखवली, एकेक वाक्य मराठीत करून. मी त्याला दोनदा थांबवलं. पहिल्यांदा जिथे लिहिलंय की समोरच्या माणसाचं नाव अबुजर आहे, तो सुरैय्या या नावाने ओळखला जातो याचा काही पुरावा नाही. दुसऱ्यांदा पानाबद्दल लिहिलंय तिथे. निकाल देणाऱ्यांनी पान बघितलं, भाभी. त्यांनी लिहिलंय की पानावर धंदा नाही, माहिती नाही, फक्त एक फोन नंबर आणि फोन करण्याची विनंती आहे. यावरून असं दिसतं की हे नाव विकण्यासाठी गिऱ्हाइकाची वाट बघत ठेवलेलं आहे.

तू वाट बघत होतीस हे तेवढं त्यांना बरोबर कळलं.

आपलं उशिराचं उत्तर त्यांनी वाचलं, पण धरलं नाही. त्यात नुसतं बोलणं आहे, कागद नाही, असं म्हणाले. आणि भावाने नाव घेतलं असेल दोन हजार चौदाला, पण आत्ताच्या माणसाकडे ते आलं दोन हजार एकवीसला, आम्ही तिथूनच मोजणार. कंपनीची नोंदणी अठराची. म्हणजे मी नंतरचा. म्हणजे मी चोर.

आता मी जे लिहिणार आहे ते मी सेंटरवाल्याला सांगितलं नाही, तन्मयलाही परवापर्यंत सांगितलं नव्हतं. मधे मी तीनदा उठलो. एकदा खालच्या दुकानातून ब्लेड आणलं, दाढी केली. हे पत्र वाचताना तुझ्या शेजारी कोणी असेल तर आधी त्याला बाहेर जायला सांग.

मोईनभाईचा ओमानमधल्या सलालाहून शेवटचा फोन आला तो सप्टेंबर एकोणीसचा. तुला केला, मग मला केला. दुसऱ्या जहाजावर चढतोय, आफ्रिकेकडे जातंय म्हणाला. मला म्हणाला, "भाभीचं पान चालू ठेव. मी कुठेही असलो तरी मला तो पत्ता पाठ आहे, नंबर पाठ राहत नाहीत." जहाज पुढे विकलं गेलं, नाव बदललं, मालकाचं ऑफिस बंद. हे तुला माहीत आहे.

एकवीसच्या फेब्रुवारीत पान बंद पडायला आलं. पैसे मी भरत होतो, पण पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, ईमेल त्याची. नाव जिच्याकडून घेतलं त्या कंपनीच्या चॅटवर विचारलं तर ते म्हणाले, मालकाने स्वतः यावं. मी म्हटलं, येऊ शकत नाही. त्यांनी विचारलं, मालक वारला आहे का? वारला असेल तर वारसाने कागद पाठवावा, नाव त्याच्याकडे करू. अकरा दिवस राहिले होते.

मी टायपिंग सेंटरमध्ये गेलो, फुजैराच्याच, दुसऱ्या गल्लीत. बोलत गेलो, तो टाइप करत गेला. माझा भाऊ मोईन समुद्रात वारला. मी त्याचा वारस. खाली सही. पंचवीस दिरहम, म्हणजे पाचशे रुपये. मेल्याचा दाखला वगैरे काही नाही, एवढ्यावर त्यांनी नाव माझ्याकडे केलं.

वारस तू होतीस. पण तुझं नाव लिहायचं तर तुझी सही लागली असती, नवरा मेला आहे या ओळीखाली. दापोलीहून काझीसाहेब आले होते, म्हणाले, बेपत्ता माणसासाठी चार वर्षं थांबतात, मग बाई मोकळी. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "ज्याला मोजायचंय त्याने मोजावं." त्याच्या कितीतरी आधी, दीड वर्षातच, मी मोजून मोकळा झालो होतो. पान जिवंत ठेवायला त्याला मारला.

आता समजलं ना, सेंटरमधून उठून पोपटापाशी का बसलो. उत्तर द्यायचं तर नाव माझ्याकडे कसं आलं ते सांगायचं. सांगायचं तर तो कागद जोडायचा. खाली लिहून द्यावं लागतं की वरचं सगळं खरं आहे. मग खरं काय लिहू? भाऊ मेला हे खोटं होतं असं लिहू, तर नाव मी फसवून घेतलं. मेला लिहू, तर ते तुझ्यापर्यंत पोचणार. म्हणून मी चोवीस तारीख जाऊ दिली आणि स्वतःला सांगितलं, ग्रेस असते.

हे मी तन्मयला सांगितलं. मग त्याने जे विचारलं ते मला अजून सुटत नाही. "तू वहिनींना का नाही विचारलंस? नाव त्यांचं. त्यांच्या हातचं एक पान, त्यांचं आधार कार्ड, लग्नाचा कागद. तो पुरावा झाला असता. बाकी तुझं पाप तुझ्यापाशी राहिलं असतं की नाही ते पुढचं पुढे."

इनायाच्या मोबाइलवर त्या कागदांचा एक फोटो मागायचा होता. एवढंच होतं ते, भाभी. पाच मिनिटं.

कोर्टात जायला दहा दिवस आहेत म्हणे, कामकाजाचे. ते तीन एप्रिलला संपतात. मधे ईद आहे, पण त्यांच्या कॅलेंडरात ईद नाही. आणि कोर्ट परदेशातलं. तन्मयने फीचा आकडा सांगितला तेव्हा ईश्वरी हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला.

अबुजर


फुजैरा
६ एप्रिल, रविवार

सुरैय्याभाभी,

ईदच्या दिवशी तुझ्या नंबरावर फोन करायचं फार मनात आलं. केला नाही. लाइन रिकामी राहू दिली.

या दहा दिवसांत मी कोर्टात गेलो नाही, हे सांगायला नकोच. मी पानाची छापील कॉपी काढली, शंभर. तुझं नाव, नंबर, ती ओळ. बोटीवरून प्रत्येक जहाजाला भाजीच्या क्रेटमध्ये एकेक घातली. फिलिपिनो कुकने विचारलं, हे काय, मी म्हटलं माझ्या भावासाठी आहे. त्याने घडी करून खिशात ठेवली. एकाने पाठीमागे किराण्याची यादी लिहून मला परत दिली. त्याला कशाला बोल लावू. त्या जुन्या खलाशाने एक कॉपी बोटीच्या केबिनमध्ये चिकटवली आहे. म्हणाला, "वो आया तो पहले यहीं आएगा."

खरं तर शंभरपैकी किती जातील आणि कुठे, मला माहीत नाही. पण मोईनभाईला नंबर पाठ राहत नाहीत. त्याला फक्त तुझं नाव टाइप करता येतं.

याकूबचाचा परत आले होते, ते उद्या सकाळी पुन्हा निघाले आहेत. मी त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून हे लिहितोय, सगळी पाचही पत्रं आत्ताच देऊन टाकणार, उद्यावर ठेवणार नाही. तारखेप्रमाणे लावली आहेत. वरची दोन वाचून तुला माझा राग येईल, कारण त्यात मी हसतोय. ती फाडणार होतो, फाडली नाहीत. त्यातल्या कुठल्याही दिवशी तुला विचारता आलं असतं, आणि ते दिवस पत्रांवर लिहिलेले आहेत.

टायपिंग सेंटरच्या त्या कागदाची कॉपी माझ्याकडे होती. तीही पाकिटात आहे, शेवटी, वेगळ्या घडीत. तू उघडायची की नाही ते तू ठरव. मी ठरवत होतो, ते पुरे झालं. तुला काझीसाहेबांना काही विचारायचं असेल तर तो कागद दाखवू नको, तो खोटा आहे. मोईनभाई जिवंत आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यावरून फक्त मी कळतो.

तू मला घरी ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर तेही इनायाकडून कळव. तिला म्हणावं, इंग्लिशमध्ये सांगितलं तरी चालेल.

आज सकाळी किनाऱ्याला लागल्यावर तुझं नाव टाइप केलं, सवयीने. पान उघडलं. काळ्या कपड्यावर अत्तराची बाटली, सोनेरी झाकण. वर तुझं नाव, मोठं, आपण कधी लिहिलं नव्हतं इतकं सुंदर. खाली नंबर नाही. एकच ओळ आहे, इंग्लिशमध्ये, ती मलासुद्धा वाचता आली.

लवकरच येत आहोत.

अबुजर